अंबड, नाशिकरोड, कॉलेज रोड आणि मामांचं पवननगर: एका भाड्याच्या घराचं प्रकरण

प्रकरण मे २०२५ मधलं. कुटुंब अमळनेरकडचं, माणसं चार. नवऱ्याला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, तीन पाळ्यांची. बायको मुंबईच्या एका कंपनीसाठी घरून काम करायची आणि कंपनीने आता आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात यायचं फर्मान काढलं होतं. नाशिक निवडण्यामागे हे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं होतं. अमळनेरहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतणं होत नाही, नाशिकहून होतं. मुलगी नववीत जाणार होती. सोबत नवऱ्याची आई, तिचे गुडघे गेलेले.

माझा धंदा घरं दाखवण्याचा. दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे गिऱ्हाइकाने महागडं घर घेतलं तर फायदा माझा. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. त्यांचं बजेट मेंटेनन्स धरून महिना अठरा हजार होतं. दोन बेडरूम हवेत, लिफ्ट हवी, चारचाकीला हक्काची जागा हवी.

पहिल्या फोनवर त्यांनी विचारलं, "भाऊ, नाशकात चांगला एरिया कुठला?" या प्रश्नाला शहरात ठरलेलं उत्तर आहे: गंगापूर रोड, नाहीतर कॉलेज रोड. रुंद रस्ते, झाडं, दुकानं, नावाजलेल्या शाळा, सगळं खरं आहे. पण ते उत्तर ज्यांचा दिवस तिथेच उगवतो आणि तिथेच मावळतो त्यांच्यासाठी. नाशिक हे नदी, नाले आणि महामार्ग यांनी कापलेलं शहर आहे. गोदावरीपलीकडे पंचवटी, म्हसरूळ, आडगाव. नंदिनी, जिला जुनी माणसं नासर्डीच म्हणतात, सातपूरकडून येऊन मुंबई नाक्याच्या अंगाने टाकळीला गोदावरीत मिळते. मुंबई-आग्रा महामार्ग सिडको आणि इंदिरानगर यांच्या मधोमध जातो, आणि पुणे रोड त्याला द्वारका चौकात येऊन भिडतो. ही कापणी जिथे ओलांडता येते त्या जागा थोड्या आहेत आणि संध्याकाळी त्या तुंबतात. द्वारका, मुंबई नाका, महामार्गाखालचा इंदिरानगरचा बोगदा ही नावं नाशिककरासमोर नुसती घ्या, चेहरा बघा. म्हणून मी त्यांना उलट विचारलं: घरातलं कोण, किती वाजता, आठवड्यातून किती वेळा, काय ओलांडणार?

उत्तर असं निघालं. नवरा आठवड्यातून सहा दिवस अंबडला. बायको दोन दिवस नाशिकरोड स्टेशनला, तेही पंचवटी एक्सप्रेस धरायला. ही गाडी मनमाडहून निघून सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि परत येते ती रात्री साडेनऊ-दहाच्या दरम्यान. मुलीचे क्लास कॉलेज रोडला ठरल्यातच जमा होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं की दहावीचे चांगले क्लास तिथेच. आणि आजीचा भाऊ, म्हणजे नवऱ्याचे मामा, सिडकोत पवननगरला. खानदेशातून नाशकात आलेल्या माणसाचं कुणीतरी सिडकोत असतंच, त्यामुळे हेही अपेक्षित होतं. चार माणसं, चार दिशा.

गंगापूर रोड आधी पाहिला, कारण तो पाहिल्याशिवाय मुलीचं समाधान झालं नसतं. आनंदवलीच्या पुढे एक घर बजेटच्या किंचित वर मिळत होतं. गॅलरीतून हिरवं दिसत होतं, खाली बाग होती, मुलीने आपली खोलीही ठरवून टाकली. नवऱ्याला अंबडला जायला सातपूरवरून अंबड लिंक रोड होता, तेही चालण्यासारखं. अडचण बायकोची. पहाटे तिथून नाशिकरोड म्हणजे अख्खं शहर उभं कापायचं आणि रात्री दहाला तेच उलट. तरी ती म्हणाली, दोनच दिवस तर आहेत, काढीन.

घर सुटलं ते दुसऱ्याच कारणाने. मालकाचा फोन आला. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा मांसाहाराचा. हे दोन प्रश्न मी आठवड्यातून कितीदा ऐकतो त्याचा हिशेब ठेवत नाही. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच त्याचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून तो "सहज विचारलं" असं पुढे जोडतो. काही एजंट गिऱ्हाइकाला सांगतात, होकार द्या आणि खिडक्या लावून शिजवा. मी सांगत नाही, कारण भांडण शेवटी भाडेकरूच्या दारात येतं. आजीनेच निकाल लावला: "आमच्याकडे रविवारी मटण होतं. चोरून खायला आपण काय चोर आहोत?" विषय संपला.

त्या इमारतीबद्दल आणखी एक गोष्ट मला खटकली होती. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर एक आडवा मळकट पट्टा होता. गोदावरीला २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर शहर पुराची उंची सांगतं, पण रामकुंडापासून दूर, वरच्या अंगालाही पुराचं पाणी नाल्यांतून उलटं आत चढतं. कायद्यात दोन रेषा आहेत: निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाडेकरू या रेषांचा नकाशा कधी मागत नाही, कारण घर त्याचं नसतं. गाडी मात्र त्याची असते. नदी-नाल्याजवळचं घर पाहताना मी वॉचमनला विचारतो, मागच्या पावसात गाड्या कुठे हलवल्या होत्या. "हलवाव्या लागल्या नाहीत" आणि "वरच्या रस्त्यावर लावल्या" यांतलं कुठलं उत्तर येतं त्यावरून पुढचं ठरतं.

नाशिकरोडकडे, जेलरोडला एक चांगलं घर होतं, भाडंही कमी. बायकोच्या दोन दिवसांची सोय उत्तम झाली असती. नवऱ्याच्या सहा दिवसांची मात्र नाही. तिथून अंबडला जायला एक तर द्वारका आणि मुंबई नाका, नाहीतर विहितगाव, वडनेर, पाथर्डी गाव असा मागचा रस्ता. मागचा रस्ता मोकळा आहे, पण दुसरी पाळी संपवून रात्री अकरा-साडेअकराला दुचाकीवरून तिथून यायचं म्हणजे मळे, अंधार आणि बिबट्या. बिबट्याचं ऐकून ते हसले. बाहेरगावचे सगळे हसतात. नाशिकच्या कडेच्या उसात-मळ्यांत बिबट्या राहतो आणि अधूनमधून वस्तीत येतो, ही इथली रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी आहे. त्यात आजी म्हणाली, पवननगर इथून फार लांब पडतं. आजीचं हे म्हणणं मी नोंदवलं, कारण सहा विरुद्ध दोन या हिशेबात ते कुणी धरलंच नव्हतं.

आडगाव-अमृतधामकडचं घर सगळ्यांत मोठं, सगळ्यांत नवं आणि चौदा हजारांत होतं. नदीही ओलांडायची आणि द्वारकाही, त्यामुळे ते टिकणार नव्हतंच. संध्याकाळी आठला गेलो तेव्हा जवळच्या लॉन्सवर वरात नाचत होती आणि सोसायटीच्या दारात पाण्याचा टँकर उभा होता. ज्यांना लग्नसराई ही काय चीज आहे ते बघायचंय त्यांनी त्या बाजूची घरं मेमध्ये रात्रीच बघावीत.

पंचवटीतलंही एक घर निघालं होतं. मालकाची अट मजेदार होती: करार अकराच महिन्यांचा, आणि नंतर वाढवायचा झाला तरी २०२७ च्या उन्हाळ्यापुढे नाही. कारण उघड होतं. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, तेव्हा घर मोकळं असलं तर दिवसाच्या भावाने देता येईल हा त्याचा हिशेब. मला त्याचा राग आला नाही, घर त्याचं आहे. पण दहावीची मुलगी असलेल्या घराला अशी टांगती तलवार नको.

आता सिडको. नाशकात जिला सगळे "सिडको" म्हणतात ती सिडको महामंडळाने सहा योजनांत वसवलेली वस्ती. मूळ घरं छोटी, प्लॉट छोटे, गल्ल्या त्या काळच्या सायकलीला पुरतील एवढ्या. पुढे लोकांनी वर मजले चढवले, पुढे ओटे काढले, आणि आज त्याच गल्लीत प्रत्येकाची गाडी आहे. मामांनी आपल्याच गल्लीत पहिल्या मजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं. भाडं अकरा हजार, दलाली शून्य. अंबड अगदी जवळ, महामार्ग ओलांडायची गरजच नाही. बाजार पायाशी. दुखलं-खुपलं तर दहा दारं उघडी. हिशेबाने पाहिलं तर हेच घर पहिलं यायला हवं होतं.

त्याला दोन गोष्टी आड आल्या. एक जिना: अरुंद, उंच पायऱ्यांचा, बाहेरून काढलेला, कठड्याला पकड नाही. आजी एकदा चढली, वर बसून राहिली आणि उतरताना मागे तोंड करून उतरली. दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही. घर पाहून परतताना बायको गाडीत गप्प होती. आठवड्यातले तीन दिवस घरून काम म्हणजे बंद दाराआड हेडफोन लावून बसणं, आणि त्या गल्लीत दार बंद ठेवणं म्हणजे काय समजलं जाईल हे तिला पक्कं माहीत होतं. मी तिच्या बाजूने बोललो असतो तर मामा दुखावले असते, म्हणून मी फक्त जिन्याबद्दल बोललो. जिना पुरेसा होता. मामाही जिन्यावर मान्य झाले. सगळ्यांना जिना सोयीचा पडला.

इथवर आल्यावर घर शोधण्याची पद्धत आम्ही जरा बदलली. चार दिशांना सारखं वजन दिलं तर मधला बिंदू कुठेतरी मुंबई नाक्यावर येतो, आणि तिथे राहून कुणाचंच भलं होत नाही. म्हणून कुठली दिशा हलवता येते ते पाहिलं. अंबड हलत नाही. स्टेशन हलत नाही. क्लास हलतो. कॉलेज रोडच्या क्लासचं नाव मुलीला शेजारच्या ओळखीतून कळलं होतं, ती त्या क्लासला बांधलेली नव्हती. इंदिरानगरात क्लासांची वाण नाही. मुलगी रुसली, मग इंदिरानगरच्या एका क्लासला दोन दिवस बसून आली आणि तिला तिथे मैत्रीण मिळाली. माझ्या अनुभवात आई-बाप क्लास निवडतात आणि पोरं मैत्रिणीवर टिकतात.

राहिले अंबड आणि स्टेशन. नवऱ्याच्या पाळ्या पाहिल्या: सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. म्हणजे बोगदे तुंबतात त्या सकाळच्या दहाला आणि संध्याकाळच्या सहा ते आठला तो जवळपास कधीच रस्त्यावर नसतो. महामार्ग ओलांडणं त्याला महाग पडत नाही, कारण तो भलत्या वेळी ओलांडतो. जनरल शिफ्टच्या माणसाला मी हेच घर दाखवलं नसतं. उलट बायको रात्री दहाला स्टेशनवरून येणार, तेव्हा तिला महामार्ग आणि द्वारका दोन्ही टाळता आलेलं बरं. इंदिरानगरच्या अंगाला राहिलं तर नाशिकरोडहून पुणे रोडने यायचं, डीजीपीनगरकडे वळायचं, वडाळा गावातून वडाळा-पाथर्डी रस्त्याला लागायचं. द्वारका मागे, उजव्या हाताला राहते.

म्हणून राणेनगर, इंदिरानगर ते पाथर्डी फाटा हा पट्टा धरला, महामार्गाच्या इंदिरानगर बाजूचा. पवननगर राणेनगरच्या बोगद्यापलीकडे रिक्षाच्या अंतरावर. आजीचं समाधान झालं. मामांचंही बऱ्यापैकी.

पट्ट्यातलं पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट "लवकरच सुरू होणार" होती. ही लवकरच सुरू होणारी लिफ्ट मी बऱ्याच इमारतींत बघतो. दुसरं घर सुंदर होतं, पण बेडरूम महामार्गाकडे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला तिथे झोप लागली नसती. तिसरं राणेनगरच्या मागच्या बाजूला, पाच मजली जुनी सोसायटी, चौथा मजला, लिफ्टला बॅकअप, पार्किंगला नंबर घातलेला. भाडं सतरा हजार, सोसायटीचं मेंटेनन्स मालक भरणार.

त्या वर्षी मेमध्येच पावसाने झोडपलं होतं. एरवी उन्हाळ्यात घर पाहण्याचा फायदा हा की पाण्याची खरी स्थिती कळते. त्या मेमध्ये ती कळणं कठीण झालं. पण बदल्यात ओल दिसली. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून आधी पश्चिमेची भिंत, मग खिडक्यांचे खालचे कोपरे, मग वरच्या बाथरूमखालचं छत पाहायचं. या घरात पश्चिमेच्या बेडरूमला एक डाग होता, ताज्या रंगाखालून वर येऊ पाहणारा. मालक म्हणाला, जुना आहे. आम्ही म्हटलं, मग करारात लिहू की पहिल्या पावसाळ्यात गळती झाली तर दुरुस्ती मालकाकडे. त्याने लिहू दिलं.

पाण्याचं असं केलं. आजी गेल्या गेल्या नळाशी उभी राहिली आणि वॉचमनला आपल्या अहिराणीत विचारती झाली, "आठे पानी येस का रे भाऊ?" वॉचमन निघाला धुळ्याकडचा. मग जी माहिती मला तासभर विचारूनही मिळाली नसती ती तिला पाच मिनिटांत मिळाली: पालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, बोअरचं पाणी कुठल्या नळाला जोडलंय, मागच्या एप्रिलमध्ये टँकर आले का. मी पुढे सोसायटीच्या सेक्रेटरींना वार्षिक हिशेबाचा कागद मागितला. टँकरचा खर्च त्यात वेगळा दाखवलेला असतो आणि तो कागद कुणाला खूश करण्यासाठी बनवलेला नसतो. या भागाला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. शहराचा मोठा भाग गंगापूर धरणावर आहे आणि नाशिकरोडला दारणेचं पाणीही जातं. त्यामुळे "नाशकात पाणी मुबलक" हे वाक्य प्रत्येक भागात वेगळं तपासावं लागतं.

करारावर मालक अडला. पुण्यात राहणारा, त्याला स्टँप पेपरवर नोटरी करून अकरा महिन्यांचं लिहायचं होतं. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, अशी समजूत फार पसरलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाच्या धाकाने मालक हलत नाहीत. हलतात ते पुढच्या वाक्याने: नोंदणीकृत करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे ऐकल्यावर त्याने स्वतःहून आधार क्रमांक पाठवला.

खर्चही फार नसतो. चोवीस महिन्यांचा करार, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ, अनामत पन्नास हजार. दोन वर्षांचं भाडं ४,१८,२००, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज दहा हजार, बेरीज ४,२८,२००. तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे अकराशे रुपये. पालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याचा मेहनताना. अंगठा घरी येऊन घेतला जातो, आजीला कुठे नेण्याचाही प्रश्न आला नाही, तिचं नाव तर करारात नव्हतंच.

एक खडा तरी लागायचाच. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून मेंटेनन्सच्या निम्मी जादा रक्कम मागितली आणि मालकाने ती भाड्यात टाकायचा विचार बोलून दाखवला. भाडेकरू ठेवल्याबद्दलची ही रक्कम, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा शासनाचा २००१ चा आदेश आहे. सेक्रेटरी भले गृहस्थ होते, आदेशाची प्रत पाहून त्यांनी रक्कम दुरुस्त केली. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती दिली, आणि कुटुंब जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमारास राहायला आलं.

पुढे काय झालं, तर पश्चिमेचा डाग जुलैमध्ये फुलला. कलम करारात होतं, मालकाने बाहेरून वॉटरप्रूफिंग करून दिलं, कुरकुरत. बायकोने सुरुवातीला सकाळी वडनेर-विहितगावच्या रस्त्याने जाऊन पाहिलं, जवळचा म्हणून. पावसाळ्यात सोडून दिला. आता ती वडाळा गावातूनच जाते. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून तिच्या कार्यालयातले दोघं कधीकधी गाडीने जातात आणि तिला पाथर्डी फाट्यावरून घेतात. ते काही घर घेताना आमच्या हिशेबात नव्हतं. नवऱ्याला कंपनीने सहा महिन्यांनी जनरल शिफ्ट देऊ केली. पगार तोच, झोप चांगली. त्याने बोगद्यातली संध्याकाळ दोन दिवस अनुभवली आणि पाळ्यांवर राहणं पसंत केलं. आजी दर गुरुवारी पवननगरला जाते आणि संध्याकाळी मामा तिला सोडायला येतात, मग जेवूनच जातात.

करार मे २०२७ ला संपतो. तोवर मुलीची दहावी झालेली असेल आणि अकरावीसाठी कॉलेज रोडचा प्रश्न पुन्हा उभा राहील, तेव्हा कॉलेज हलवता येणार नाही. पहिल्या वर्षानंतर एका महिन्याच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना घर सोडता येईल अशी अट त्यासाठीच घातली आहे. पुढचं घर बघायचं तर ते एप्रिलच्या आत बघा असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. सिंहस्थाच्या तोंडावर जून-जुलैत भाडी काय बोलतील ते कुणी सांगावं.